नववीतल्या छळावर कादंबरी: बाईंना सांगितल्यावर पुढे काय?

प्रश्न: वर्गाच्या ग्रुपवर नायिकेच्या फोटोचे स्टिकर फिरतात. तिने बाईंना सांगितलं की गोष्टच संपते. कशी लांबवू?

उत्तर १: संपतेय कुठे? बाई नायिकेला आणि स्टिकर करणारीला समोरासमोर उभं करून ‘सॉरी’ म्हणायला लावतात. चुगली केली म्हणून दुसऱ्या दिवसापासून डबा खायला कुणी नायिकेच्या शेजारी बसत नाही. बघ्यांपैकी एकीची भूमिका मोठी करा, जिने स्टिकरवर हसरा इमोजी टाकला होता.

उत्तर २: ग्रुप सोडण्याआधी स्क्रीनशॉट घेऊ दे; तारीख, वेळ, नंबर दिसायला हवा. मग लेखी अर्ज आणि पोच. सीबीएसई शाळा असेल तर २०१५च्या परिपत्रकातली छळविरोधी समिती आणा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

उत्तर ३: कराटे शिकून बदडणं मात्र नको, प्लीज!