टी-शर्ट छपाई सुरू करताना आधी कोणते यंत्र घ्यावे?

शिवणकाम_खानापूर

नमस्कार. मी खानापूरजवळच्या एका गावात आठ वर्षांपासून शिवणकाम करते. शाळेचे गणवेश आणि ब्लाउज ही माझी नेहमीची कामे आहेत. मात्र गणेशोत्सव आणि वैशाखातील शिवजयंती जवळ आली की आसपासची मंडळे टी-शर्ट छापून मागतात आणि ते काम मला बेळगावला पाठवावे लागते. आता ते घरीच करावे असा विचार आहे. हाताशी दीड लाख रुपये आहेत, दहा बाय बाराची एक खोली रिकामी आहे आणि धाकटा भाऊ संगणकावर कोरल या प्रोग्राममध्ये अक्षरजुळणी आणि डिझाइनचे काम करतो.

एका विक्रेत्याने डीटीएफ (चित्र आधी फिल्मवर छापून मग ते उष्णतेने कापडावर उतरवण्याची पद्धत) प्रिंटर घेतला की सगळी कामे होतील असे सांगितले, दुसऱ्याने सब्लिमेशन सर्वांत स्वस्त पडेल असे सांगितले आणि भावाचे मित्र स्क्रीन प्रिंटिंगचाच आग्रह धरतात. मंडळाची मागणी साधारण ४० ते १०० नगांची असते आणि कापड बहुतेक वेळा भगवे किंवा काळे, सुती असते. वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत वाढदिवसाचे किंवा क्रिकेट संघाचे पाच-दहा नगच येतात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते. या परिस्थितीत काय आधी घ्यावे आणि काय नंतर, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

वडगाव_छपाई

ताई, आपण कापड आणि नगांची संख्या दोन्ही लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. सब्लिमेशनचा विचार आपल्या मुख्य कामासाठी सोडून द्यावा. त्या पद्धतीत शाईतला रंग उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो. सुती धाग्यात तो धरत नाही आणि पांढरी शाई नसल्यामुळे काळ्या किंवा भगव्या कापडावर चित्र उमटतच नाही. क्रिकेट संघाच्या पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिएस्टर जर्सीसाठी ती पद्धत उत्तम आहे, कारण छपाई हाताला लागत नाही आणि सोलून निघत नाही. पण मंडळाचे काम तिच्यावर उभे राहणार नाही.

डीटीएफ सुती, पॉलिएस्टर, गडद, फिके अशा सर्व कापडांवर चालते, हे विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे. त्यांनी न सांगितलेली गोष्ट पांढऱ्या शाईची आहे. या शाईतले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण जड असतात आणि यंत्र बंद राहिले की तळाशी बसतात. शाई रोज हलवली नाही आणि शाई फवारणारे हेड रोज चालवले नाही तर त्याची बारीक छिद्रे, म्हणजे नोझल, बंद पडतात. हेड बदलण्याचा खर्च लहान व्यवसायाची अनेक महिन्यांची कमाई खातो. मी पहिल्या वर्षी ज्येष्ठ-आषाढात तीन आठवडे काम नसताना यंत्र झाकून ठेवले आणि श्रावणात मंडळांची गर्दी सुरू झाली तेव्हा ते पांढरे छापेना. त्या हंगामातली निम्मी कामे मला दुसऱ्यांकडे द्यावी लागली. खानापूरच्या पावसात हवेतला दमटपणाही आड येतो : चित्र कापडाला चिकटवणारी पावडर ओल धरून गोळे होते, फिल्मवर नको तिथे चिकटते आणि छापलेल्या अक्षरांभोवती बारीक पांढरे ठिपके राहतात.

म्हणून माझा सल्ला असा आहे की प्रिंटर सध्या घेऊच नये, फक्त हीट प्रेस (तापलेल्या पाट्याने फिल्म कापडावर दाबणारे यंत्र) घ्यावी आणि छापून, पावडर लावून तयार झालेली डीटीएफ फिल्म मीटरच्या भावाने बाहेरून मागवावी. साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर रुंदीच्या रोलवर छातीची मोठी चित्रे आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत बाहीवरची लहान बोधचिन्हे नीट बसवली, तर एका मीटरमध्ये बरेच नग निघतात. हे काम भावाला चांगले जमेल. फिल्म कोरड्या, बंद पिशवीत ठेवावी.

प्रेसमध्ये मात्र काटकसर करू नये. १५ बाय १५ इंचांची, सपाट आणि जड पाट्याची घ्यावी. घेण्यापूर्वी ती १६० अंशांवर तापवून इन्फ्रारेड थर्मामीटरने मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर मोजावी. कोपरे फार थंड निघाले तर चित्राच्या कडा पहिल्याच धुण्यात सुटतील. कापड आधी चार-पाच सेकंद रिकामे दाबून त्यातली ओल काढावी. मग फिल्म ठेवून १५० ते १६० अंशांवर १० ते १५ सेकंद दाबावी, फिल्मच्या प्रकाराप्रमाणे गरम किंवा गार झाल्यावर सोलावी आणि वर टेफ्लॉन कागद ठेवून पुन्हा थोडा वेळ दाबावी. हा दुसरा दाब घाईत टाळला जातो आणि ग्राहकाची तक्रार बहुधा तिथूनच येते.

विजेबद्दल : अशी प्रेस दीड ते दोन किलोवॉट खेचते. तिच्यासाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट आणि चांगले अर्थिंग करून घ्यावे. घरगुती इन्व्हर्टर तिला पुरत नाही, म्हणून पावसाळ्यात वितरणाच्या तारखेआधी दोन दिवस हातात ठेवूनच काम स्वीकारावे.

शहापूर_स्क्रीन

वरील उत्तराशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण ४० ते १०० नगांचे एकरंगी काम डीटीएफवर करणे मला पटत नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई कापडावर उतरवण्याच्या पद्धतीत, खर्च सुरुवातीला होतो. फ्रेमला जाळी ताणणे, उजेडाने घट्ट होणारा इमल्शनचा लेप लावणे, पॉझिटिव्ह (चित्राची पारदर्शक फिल्मवरची काळी प्रत) काढून उजेड देणे, हे पाच नगांसाठी केले काय आणि शंभरासाठी केले काय, कष्ट तेवढेच. पुढच्या प्रत्येक नगाला फक्त शाई लागते. भगव्या कापडावर एकाच काळ्या रंगात मंडळाचे नाव आणि वर्ष छापायचे असेल, तर शंभर नगांना ही पद्धत सर्वांत स्वस्त पडते. शिवाय पाण्यावरची शाई कापडात मुरत असल्याने अंगाला वारा लागतो. डीटीएफचा मोठा ठोकळा छातीवर असला की मिरवणुकीत घामाने अंग चिकटते, हे लेझीम खेळणाऱ्या मुलांकडून मी दरवर्षी ऐकतो.

काळ्या कापडावर पांढरे छापायचे असेल तर मात्र पातळ पिगमेंट शाई झिरपून फिकी पडते. तिथे खादी पेस्ट ही दाट शाई किंवा प्लास्टिसोल ही प्लास्टिकवर आधारलेली शाई लागते. प्लास्टिसोल हवेवर कधीच वाळत नाही, तिचा थर पूर्ण खोलीपर्यंत सुमारे १६० अंशांना पोचला तरच ती पिकते. वरून कोरडी दिसली म्हणून बांधून दिली तर धुताना भेगा पडतात. आपण आधी एका रंगाने, पाण्याच्या शाईने सुरुवात करावी. रंग कापडाला धरून ठेवणारे बाइंडर आणि फिक्सर घातलेली ही शाई वाळल्यावर त्याच प्रेसवर उष्णता देऊन पक्की करता येते. तीन-चार रंगांच्या कामाच्या मागे पहिल्या वर्षी लागू नये, कारण प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि त्या एकमेकींवर जुळवणे हातात बसायला वेळ लागतो.

निपाणी_अक्षरे

जर्सीवरची नावे आणि क्रमांक यांसाठी व्हिनाइल कटर (रंगीत प्लास्टिकच्या पानातून अक्षरे कापणारे यंत्र) उपयोगी आहे, म्हणून देवनागरीपुरते एक सांगतो. कोरलमध्ये आपली अक्षरे सुटी येतात आणि प्रत्येकाची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. तशीच फाइल कटरला दिली तर पाते प्रत्येक जोडावर काप देते आणि नको असलेले व्हिनाइल उपटताना शिरोरेघ तुकड्यांत निघते. मजकूर कर्व्हमध्ये (रेषांच्या आकारात) बदलून सर्व अक्षरे वेल्ड करावीत, म्हणजे एकसंध जोडावीत, मगच कापावे. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर ग्राहकाच्या संगणकावरून आपल्या संगणकावर येताना रफार आणि जोडाक्षरे बदलतात. त्यामुळे छपाईपूर्वी चित्र पाठवून ग्राहकाची लेखी संमती घ्यावी. आपल्या भागात एकाच टी-शर्टवर मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर असतो. कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून ती ओळ तपासून घेतल्याशिवाय मी कधीही छापत नाही.

दुसरी गोष्ट सीमेची. आपण टी-शर्टासह माल महाराष्ट्रातल्या चंदगडला किंवा कोल्हापूरला विकला तर तो आंतरराज्य पुरवठा ठरतो आणि त्यासाठी उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. कर्नाटकातल्या कर्नाटकात विकताना मात्र ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीतून सवलत मिळते. खानापूरहून चंदगड जवळ, त्यामुळे ही चौकशी पहिली मागणी घेण्याआधीच कर सल्लागाराकडे करावी.

शिवणकाम_खानापूर

सर्वांचे मनापासून आभार. प्रेस, तयार फिल्म आणि एका रंगाची स्क्रीन असे ठरवते आहे. प्रिंटरचा विचार वर्षभर पुढे ढकलला. एक शंका उरली आहे. एका मंडळाला लाल पॉलिएस्टर जर्सीवर पांढरी अक्षरे हवी आहेत. त्यावर फिल्म चालेल का?

वडगाव_छपाई

चालेल, पण जपून. लाल पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने वर चढतो आणि दोन दिवसांनी पांढरी अक्षरे गुलाबी दिसू लागतात. रंग रोखणारा थर असलेली फिल्म मागावी, तापमान फिल्मवाला सांगेल त्या खालच्या मर्यादेवर ठेवावे आणि आधी एकच जर्सी छापावी. ती एक दिवस तशीच ठेवून नंतर उलटी करून धुवावी, दोन दिवस उजेडात टांगावी आणि अक्षरे पांढरी राहिली तरच उरलेल्या जर्सींना हात लावावा. मंडळाला तारीख देताना हे चार दिवस धरूनच द्यावी.