टेम्प्लेट : साचा की नमुना?

कृष्णाकाठ : सांगलीत आम्ही सात जण सॉफ्टवेअर करतो. 'हाच डेटाबेस का घेतला?' असं नव्या माणसानं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. म्हणून प्रत्येक मोठ्या निर्णयाची पानभर नोंद ठेवायची ठरलंय, मराठीतच. या नोंदीच्या 'टेम्प्लेट'ला काय म्हणावं? विकिपीडियावर 'साचा' आहे, मी तोच घेतला.

वाळव्याचा : साचा गणपतीचा. त्यातून निघणाऱ्या मूर्ती डिट्टो सारख्या. तुमच्याकडं रकाने तेवढे तेच, मजकूर दरवेळी निराळा. त्याला 'नमुना' म्हणतात. सातबारा म्हणजे तरी काय, गाव नमुना सात आणि बारा!

विश्रामबाग : पण यार्डात हळदीचाही नमुनाच बघतात. आणि 'काय नमुना आहे' हे तर माणसाला म्हणतात.

वाळव्याचा : ते वाक्यावरून कळतं हो. नमुना घेतलाय कुठला पण?

कृष्णाकाठ : मायकेल नायगार्ड म्हणून एक सॉफ्टवेअरवाला आहे, त्याचा, २०११ चा. शीर्षक, स्थिती, संदर्भ, निर्णय, परिणाम, एवढंच. एमएडीआर नावाचा असाच दुसरा नमुनाही पाहिला. त्यात पर्याय आणि त्यांचे गुणदोष मांडायची सोय आहे, पण आमची पोरं एवढं लिहीत बसणार नाहीत. गंमत म्हणजे 'संदर्भ' वाचून एकानं तिथं नुसत्या लिंका चिकटवल्या.

विश्रामबाग : मग 'पार्श्वभूमी' करा. 'परिणाम'ही बदला. 'परिणाम भोगावे लागतील' कानात बसलेलं, त्यामुळं लोक फक्त तोटे लिहितात. नायगार्डला बरे, वाईट, मधले सगळेच हवेत. 'यामुळं काय होईल' असं सरळ लिहा.

कृष्णाकाठ : पटलं. आता 'सुपरसीडेड', म्हणजे जुन्या निर्णयाच्या जागी नवा आला की स्थितीत लिहायचं ते? मी 'रद्द' लिहिलंय.

वाळव्याचा : रद्द नको. रद्द म्हटलं की मुळातच चुकलं होतं असं वाटतं. तेव्हा तो निर्णय बरोबरही असेल. आमचे वडील तलाठी होते. फेरफार झाला की सातबाऱ्यावरचं जुनं नाव खोडून नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफाराचा नंबर टाकतात. कुणाचं नाव कशामुळं गेलं ते पन्नास वर्षांनीही सापडतं. तुम्हालाही तेच पाहिजे ना? मग स्थितीत लिहा : 'कंस, फेरफार क्र. अमुक'. त्याआधीच्या पायऱ्याही तयार आहेत : तलाठी नोंद धरतो, सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, ती प्रमाणित करतो.

विश्रामबाग : यांच्यात सर्कल कोण?

कृष्णाकाठ : सध्या मीच, दुसरं कोण. आमची नोंद क्र. १ होती 'टेम्प्लेटला साचा म्हणावे'. तिला आत्ताच कंस केला. फेरफार क्र. २.