मदत हवी आहे: खालून उडत बॉम्ब टाकतो, जहाजाला लागतो, ट्रकला लागत नाही

आंबिया_बहार

राजेहो, मदत पाहिजे. तीन आठवडे झाले, डोकं पिकलं.

वरुडजवळ गाव आहे आमचं. दिवसभर बाग, रात्री लॅपटॉप. लॅपटॉप भावाच्या डिप्लोमाच्या वेळचा, बॅटरी मेलेली, त्यामुळे नवीन गेमचा विचारच नाही. ‘इल-२ स्टुर्मोविक १९४६’ हा दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा गेम मात्र मस्त चालतो, २००६ चा असला तरी. जॉयस्टिक सीताबर्डीवरून सेकंडहँड आणली, जरा डावीकडे ओढते. लाइन गेली की विमान हवेत आणि मी अंधारात. असो.

मी त्यातलं इल-२ हे रशियन विमान उडवून राहिलो, पोटात चार एफएबी-१००, म्हणजे शंभर-शंभर किलोचे बॉम्ब. डाइव्ह, म्हणजे नाक खाली करून झेप मारायला आधी उंच जावं लागते आणि उंच गेलो की खालच्या तोफा धरतात. म्हणून सरळ, खालून जायचं, बॉम्ब सोडायचे, निघून जायचं, एवढंच शिकायचं आहे.

हिशोब असा बसवला. वेग ताशी ३६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला बरोबर १०० मीटर. १२५ मीटर उंचीवरून बॉम्बला खाली यायला ५ सेकंद लागतात, म्हणजे ५०० मीटर आधी सोडायचा. ८० मीटरवरून ४ सेकंद, ४५ वरून ३, २० वरून २. हवेचा अडथळा धरला नाही. तक्ता वहीच्या पानावर लिहून स्क्रीनच्या बाजूला चिकटवला आहे.

बंदराच्या मिशनमध्ये धक्क्याचं टोक जहाजापासून नकाशावर ५०० मीटर भरते. १२५ वर राहून टोकावर बटण दाबलं की चारातले दोन तरी लागतात. पण दुसऱ्या मिशनमध्ये पुलाच्या तोंडाशी ट्रक उभे आहेत. त्यांच्या ५०० मीटर अलीकडे रस्त्याचं वळण आहे. तोच वेग, तीच १२५ उंची, वळणावर सोडले, तर बॉम्ब दोनशे मीटर अलीकडेच पडतात. एकदा नाही, दर वेळी. त्यात माझ्याच विमानाची शेपूट उडते. जहाजाच्या वेळी असं होत नाही.

कुठं चुकून राहिलं?

पुणेरी_पायलट

अहो, हवेचा अडथळा धरला नाही हे तुम्हीच लिहिलंय, मग बॉम्ब अलीकडे पडणारच. शिवाय जॉयस्टिक ओढते म्हणताय, म्हणजे सोडताना विमान तिरकं होत असेल. आधी चांगली जॉयस्टिक घ्या, मग हिशोब.

आंबिया_बहार

दादा, हवा बंदरावर पण आहे ना. आणि तिरकं असतं तर बॉम्ब बाजूला पडले असते. हे नाकासमोर, पण अलीकडे पडतात.

फाट्यावरचा

शेपटीचं आधी सांगतो, ते सोपं आहे.

मी नोकरीत असताना काही वर्षं पेपरच्या गाडीवर होतो. नागपूरहून पहाटे निघायचं आणि फाट्याफाट्यावर गठ्ठे टाकत जायचं. गाडी थांबवायची सोय नाही, उशीर होते. ताशी साठनं चाललेल्या गाडीतून गठ्ठा नुसता हातातून सोडला, तर पानठेल्याच्या आठ मीटर आधी सोडावा लागे. तुझ्याच तक्त्यानं पाहा: सव्वा मीटर उंची म्हणजे अर्धा सेकंद, अर्ध्या सेकंदात गाडी आठ मीटर पुढं. वर तो घसरत जाते ते वेगळंच. पहिल्या आठवड्यात मी दोन गठ्ठे नालीत घातले, ठेलेवाल्यानं लई बोलणी घातली.

यातली खुबी अशी की गठ्ठा मागं राहत नाही. गाडीचा वेग त्याच्यात असतोच, तो गाडीच्या सोबतच जमिनीवर येते. बॉम्बचंही तसंच. तू सरळ उडत राहिलास तर तो फुटते तेव्हा बरोबर तुझ्या पोटाखाली असते, हवेनं थोडा मागं राहत असेल एवढंच. म्हणून डिले लावायचा, म्हणजे बॉम्ब पडल्यावर काही सेकंदांनी फुटते. शस्त्रं निवडायच्या पानावर सेकंद टाकायची जागा आहे. चार सेकंद टाकले की तो फुटेपर्यंत तू ४०० मीटर पुढं.

१९४३ च्या मार्चमध्ये, २ ते ४ तारखेला, बिस्मार्क समुद्रात अमेरिकन विमानांनी हेच केलं. बी-२५ आणि ए-२० ही बॉम्बफेकी विमानं दोन-अडीचशे फुटांवरून जायची आणि चार-पाच सेकंदांच्या डिलेचे बॉम्ब पाण्यावर टाकायची. तळ्यात आपण चपट्या दगडाच्या भाकऱ्या करतो तसे टप्पे घेत बॉम्ब जहाजाच्या कुशीत. जपानची आठच्या आठ मालवाहू जहाजं बुडाली आणि आठातल्या चार विनाशिकाही.

पण पोरा, तुझं बॉम्ब अलीकडे पडायचं कोडं याच्यानं सुटत नाही. १२५ मीटरवर असतास तर शेपूट दोन्हीकडं सारखीच जायला पाहिजे होती.

रेंज_नाही

एक सांग. ट्रकच्या मिशनमध्ये रनवेवर उभा असताना उंची किती दाखवते?

आंबिया_बहार

शून्यच असणार ना. जमिनीवर उभं आहे विमान.

रेंज_नाही

असणार नको. पाहून सांग.

आंबिया_बहार

काल रात्री लाइन नव्हती, आत्ता पाहिलं.

८०.

अबे! चाकं जमिनीला टेकलेली आणि स्क्रीनवरच्या उंचीच्या पट्टीवर ८० मीटर.

रेंज_नाही

झालं तर. तुझा उंचीचा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, खालच्या जमिनीपासूनची नाही. बंदरात खाली समुद्रच, म्हणून १२५ म्हणजे खरेच १२५. पुलाजवळची जमीन विमानतळाइतकीच उंच धरली, तर तिथं तू जमिनीपासून फक्त ४५ वर होतास. ४५ ला तुझ्याच तक्त्यात ३ सेकंद आहेत. बॉम्ब ३०० मीटर जाऊन पडणार आणि तू सोडलेस ५०० वर. दोनशे मीटर कमी. शेपूटही म्हणूनच गेली, स्फोट १२५ नव्हे, ४५ मीटर खाली होत होता.

आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे. तिथं हा गेम असता तर १२५ वर उडणारा माणूस जमिनीत पुरलेला निघाला असता.

खऱ्या युद्धातही एवढ्या खाली काट्यावर विसंबत नसत. १६-१७ मे १९४३ च्या रात्री इंग्रजांची १९ लँकेस्टर विमानं जर्मनीतली धरणं फोडायला निघाली. त्यांना पाण्यापासून बरोबर ६० फुटांवर, म्हणजे १८ मीटरवर राहून बॉम्ब सोडायचे होते. त्यासाठी पोटाखाली दोन दिवे असे तिरके बसवले की ६० फुटांवर दोन्हींचे झोत पाण्यावर जुळावेत. झोत दूर दिसले की उंची चुकली. उपाय साधा, पण रात्री शत्रूच्या डोक्यावर स्वतःच दिवे लावून जायचं! १९ पैकी ८ विमानं परतली नाहीत.

पुणेरी_पायलट

काट्याचं माझ्या डोक्यात आलंच नाही. जॉयस्टिकबद्दलचं मागे घेतो. तरी एक सांगतो: ४५ वरून, ३०० मीटरवर ट्रक क्षितिजाच्या जेमतेम आठ अंश खाली असतो. इल-२ च्या लांब नाकामागे तो तेव्हा दिसणारच नाही. म्हणून ट्रककडे बघत बसू नका. नकाशावर ३०० मीटर अलीकडची काही खूण शोधा, झाड, घर, काहीही. ती पंखाखाली आली की सोडा. आणि खुणेच्या बरंच आधीपासून वेग ३६० वर स्थिर ठेवा. शेवटच्या क्षणी लोक थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, ढकलतात, तिथे सगळं बिघडतं. ३६० चा ४०० झाला तर तीन सेकंदांत बॉम्ब तेहतीस मीटर पुढे जातो.

आंबिया_बहार

मंडळी, काल केलं. वळणापासून २०० मीटर पुढं एक एकटं झाड आहे, नकाशावर मोजलं, ट्रकपासून बरोबर ३००. काट्यावर १२५, वेग ३६०, डिले ४. हात घामानं ओले. झाड पंखाखाली आलं, दाबलं. मागं वळून पाहायच्या आत आवाज आला. दोन ट्रक गेले, तिसरा आडवा. शेपूट जागेवर! भावाला उठवलं दाखवायला, तो म्हणे कावून ओरडून राहिला बे, बाबा उठतील. तेवढ्यात लाइन गेली.

काका, दादा, रेंज_नाही, तिघांचे लई आभार. तक्त्याच्या वर आता लाल पेनानं लिहिलं आहे: ‘काटा वजा जमीन’.

एक अजून. पुढच्या मिशनमध्ये ट्रक उभे नाहीत, पुलाकडं चालून राहिले. तिथं काय करू?

फाट्यावरचा

चालत्या गाडीतून चालत्या गाडीत गठ्ठा म्या कधी टाकला नाही, पण हिशोब तोच. ट्रक ताशी ३६ नं चालला असेल तर सेकंदाला १० मीटर. ४५ मीटरवरून बॉम्बला ३ सेकंद आणि तुझा डिले ४, म्हणजे सात सेकंदांत तो ७० मीटर पुढं. तुझ्याच दिशेनं चालला असेल तर ७० मीटर उशिरा सोड, समोरून येत असेल तर ७० मीटर आधी. नाहीतर पहिला ट्रक पुलावर चढू दे. त्याला दुसरीकडं जायला जागा नाही.