कुलूप आधी की किल्ली?

सह्यकडा
काल एकांनी लिहिलं: "हार्मोन ही किल्ली, रिसेप्टर हे कुलूप. एकावाचून दुसऱ्याचा उपयोग शून्य, तेव्हा दोन्ही एकाच वेळी घडवलेली असणार. उत्क्रांतीवाल्यांनी बोलावं." वर टाळ्याही मिळाल्या. रात्री झोप लागेना, म्हणून बोलतो. (हार्मोन म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप, रिसेप्टर म्हणजे पेशीतलं तो निरोप घेणारं प्रथिन.)

अल्डोस्टेरॉन हे हार्मोन घ्या, शरीरातलं मीठ धरून ठेवणारं. लॅम्प्रे आणि हॅगफिश या बिनजबड्याच्या माशांच्या अंगात ते बनतच नाही. तरी त्यांचा रिसेप्टर पेशींत घालून अल्डोस्टेरॉन दिलं की चालू होतो. जिचं तोंड कधी पाहिलं नाही त्या किल्लीनं उघडणारं कुलूप! जीवशास्त्रज्ञ जो थॉर्नटन यांच्या गटाने २००६ साली आणखी मागे जाऊन, ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या मूळ रिसेप्टरमधल्या अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या मण्यांचा) क्रम आजच्या वंशजांवरून काढला आणि तो प्रत्यक्ष बनवला. तोही उघडला. कुलूप दुसऱ्याच कुठल्या जुन्या स्टेरॉइडचं, म्हणजे अल्डोस्टेरॉनच्याच कुळातल्या हार्मोनचं होतं. अल्डोस्टेरॉन फार मागून आलं आणि आयतं बसलं. मधल्या काळात जनुकाची दुसरी प्रत निघाली, तिच्यात मुख्यतः दोन अमिनो आम्लं बदलली आणि ती कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनची झाली.

कोरडा पाषाण
ती पोस्ट माझीच. ४५ कोटी वर्षांपूर्वीचा रिसेप्टर पाहिला कुणी? आमच्या कुलवृत्तांतातल्या सहाव्या पिढीवरून दोन भावक्या आजही बोलत नाहीत, आणि तिथे कागद आहेत! शिवाय कुलूप आधीचं म्हणता, तर ते बसवलं कुणी? प्रश्न फक्त एक घर मागे सरकवलात.

अनुस्वार
अवांतर: संप्रेरक आणि ग्राही हे शब्द कुणी चोरून नेले का?

कोरडा पाषाण
यावर मात्र +१.

सह्यकडा
बरं, संप्रेरक. आता मुद्द्यावर बोलाल?

निवृत्त मास्तरीण
पाषाणराव, गुऱ्हाळ पाहिलंय ना? शरीरात कोलेस्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन बनतं, त्याच्या पुढे टेस्टोस्टेरॉन, आणि शेवटी इस्ट्रोजेन. २००१ साली थॉर्नटन यांनीच लॅम्प्रेच्या जनुकांवरून मांडलं की सगळ्यात जुना रिसेप्टर या शेवटच्या मालाचा. गुऱ्हाळ लागलं गुळासाठी. रसाला आणि काकवीला गिऱ्हाईक मागून आलं.

थायरॉइडची तर त्याहून मजा. गाळात पुरून राहणाऱ्या लॅम्प्रेच्या अळीला थायरॉइड नसतंच. घशात चिकट स्रावाची एंडोस्टाइल असते. अळीचं रूपांतर होताना तिच्यातूनच थायरॉइड बनतं. अँफिऑक्सस या माशासारख्या दिसणाऱ्या छोट्या समुद्री प्राण्याची एंडोस्टाइल दरवर्षी साठ पोरं जर्नलात काढायची. "बाई, ही पुढे कुठे गेली?" असं एकानंही विचारलं नाही.

लवंगी मिरची
थायरॉइड निघालंच आहे तर. सतरा वर्षं पहाटे उपाशीपोटी गोळी, मग तासभर चहाकडे बघत बसायचं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत "आयुष्यभर" म्हणून कागद हातात दिला. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

अनुस्वार
त्यांच्या वेळी गलगंड होता म्हणावं. मिठात आयोडीन घातलं तेव्हा कमी झाला.

लवंगी मिरची
तुम्हीच सांगा सासूबाईंना. मी चहा मिळाल्यावर बोलते.

रिकामटेकडा
आमची ही अर्ध्या तासातच चहा घेते. आता भांडण लागणार.

कोरडा पाषाण
चहा राहू द्या. टॅडपोलला थायरॉइडचं संप्रेरक मिळालं नाही तर बेडूक होत नाही. इतकी नेमकी योजना आपोआप?

निवृत्त मास्तरीण
लॅम्प्रेत उलटं आहे. रूपांतराच्या वेळी रक्तातलं ते संप्रेरक घसरतं. पोटॅशियम परक्लोरेट देऊन ते दाबलं तर अळी वेळेआधीच रूपांतराला लागते. निरोप तोच, एका घरात "ऊठ" आणि दुसऱ्या घरात "थांब". योजनाकार विसरभोळा होता का?

कोरडा पाषाण
शिकवण्या घेता तसे टोमणे मारू नका.

काठावरचा
मास्तरीणबाई, तुम्हीही जपून. अँफिऑक्ससचा इस्ट्रोजेन रिसेप्टर इस्ट्रोजेन धरतच नाही, हे २००८ साली दिसलं. त्याचा दुसरा स्टेरॉइड रिसेप्टर धरतो. तेव्हा "सगळ्यात जुना" एवढं ठासून नको.

निवृत्त मास्तरीण
त्यानं मागाहून सोडलं असेल. पण ठासलं खरं. एक मार्क कापा.

कोरडा पाषाण
बाईंचा एक कापलात, माझा एक घ्या. लॅम्प्रे आज जिवंत आहे, त्याचा रिसेप्टर हातात घेता येतो, तेवढं मानतो. ४५ कोटींचं नाही. आणि कुलूप बसवलं कुणी ते राहिलंच.

लवंगी मिरची
गोळी रात्री घेतली तर चालते का हो?

सह्यकडा
तुमच्या डॉक्टरांना विचारा, दोन मिनिटं अजून मागा. पाषाणराव, कुलपासाठी वेगळा धागा काढा, इथे आता चहाच उकळतोय.