'डेनगेल्ड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अँग्लो-सॅक्सन इंग्लंडवर लेख लिहिते आहे. राजा एथेलरेडने व्हायकिंगांना दिलेल्या पैशासाठी, म्हणजे डेनगेल्डसाठी, एका मित्राने 'चौथाई' सुचवलं. मला 'खंडणी' बरं वाटतं, पण आज खंडणी म्हटलं की बिल्डरला फोन करणारा गुंडच आठवतो.

उत्तर १ : चौथाई अजिबात नको. चौथाई म्हणजे वसुलाचा ठरलेला चौथा हिस्सा. एथेलरेडच्या रकमांना असं काही प्रमाणच नव्हतं. ९९१ साली माल्डनच्या लढाईत इंग्रज सरदार बिर्टनोथ मारला गेला आणि त्याच वर्षी १०,००० पौंड चांदी देऊन डेन लोकांना (म्हणजे या व्हायकिंगांना) परतवलं. पौंडाला २४० पेनी, म्हणजे २४ लाख नाणी झाली. पुढे आकडा चढतच गेला : ९९४ मध्ये १६,०००, १००२ मध्ये २४,०००, १०१२ मध्ये ४८,०००. हल्लेखोर दारात उभा राहून मागेल ते द्यायचं, ही खंडणीच. गुंड आठवला तर आठवू द्या! त्याच १०१२ मध्ये पकडून ठेवलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपने आपल्या सुटकेसाठी पैसे देऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हा ग्रिनिचला त्याला बैलांची हाडं आणि मुंडकी फेकून मारलं. खंडणीचा आजचा अर्थ तिथे पुरेपूर लागू पडतो.

उत्तर २ : सहमत, पण सरसकट नको. 'डेनगेल्ड' हे नाव नॉर्मन काळातलं. त्या वेळच्या 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या इतिवृत्तात शब्द आहे 'गाफोल', त्याला खंडणी चालेल. मात्र १०१२ मध्ये थोरकेल हा डेन सरदार ४५ जहाजांसह एथेलरेडच्याच चाकरीत आला. त्याच्या माणसांना पोसायला दरवर्षी कर बसला, तो 'हेरेगेल्ड'. 'हेरे' म्हणजे फौज. घरपट्टी, पाणीपट्टी तशी ही सरळ फौजपट्टी. एडवर्ड द कन्फेसरने ती १०५१ मध्ये बंद केली. या दोन्हींना खंडणी म्हटलंत तर शत्रूला दिलेला पैसा आणि आपल्या पदरी असलेल्या फौजेचा खर्च यांतला फरकच पुसला जाईल.

प्रश्नकर्ती : मग १०१८ चं काय? तेव्हा इंग्लंड जिंकणारा डेन कनूट स्वतःच इंग्लंडचा राजा होता. ७२,००० पौंड देशाकडून, वर लंडनकडून १०,५०० वेगळे. स्वतःच्या रयतेकडून राजा खंडणी कशी घेईल?

उत्तर २ : इतिवृत्तकार तिथेही 'गाफोल'च लिहितो. कनूट गादीवर बसला तरी हा पैसा जिंकणाऱ्याने हरलेल्यांकडून उकळलेला होता, हे त्याने झाकलेलं नाही. तुम्हीही खंडणीच लिहा.

उत्तर ३ : घेणाऱ्यांची बाजूही लेखात यावी. स्वीडनमध्ये उप्लांड भागात उल्फ नावाच्या माणसाचा स्मृतिशिलालेख आहे. त्याने इंग्लंडमध्ये तीनदा 'गेल्ड' घेतलं. पहिलं तोस्तीने दिलं, मग थोरकेलने, मग कनूटने. देणारा म्हणून इंग्लंडच्या राजाचं नावही नाही, फक्त आपल्या सेनानायकांची. उल्फच्या लेखी हा लढाईचा मेहनताना होता, आणि घरच्यांनी तो अभिमानाने दगडावर कोरला. तिथे 'मुशाहिरा' लिहा.