हिवतापाचा परजीवी: श्रेय लाव्हेरान यांचेही

हिवतापाचा (मलेरियाचा) परजीवी, म्हणजे रुग्णाच्या शरीरात राहून हा आजार घडवणारा सूक्ष्मजीव, ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी शोधला, असे म्हटले जाते. त्यात थोडी भर घालणे मला आवश्यक वाटते. हा परजीवी प्रथम पाहिला तो फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फोन्स लाव्हेरान यांनी, अल्जीरियातील कॉन्स्टन्टाइन येथे, ६ नोव्हेंबर १८८० रोजी. एका रुग्णाच्या ताज्या, न रंगवलेल्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, काळसर कणांनी भरलेल्या गोलाकार पेशीतून बारीक तंतू बाहेर पडून वेगाने वळवळताना त्यांना दिसले, आणि हा सजीवच असला पाहिजे हे त्यांनी ओळखले. दलदलीच्या मातीतला जिवाणू हेच कारण असल्याचा दावा इटलीतून वर्षभरापूर्वीच झालेला असल्याने त्यांच्या म्हणण्यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. ते तंतू म्हणजे नर युग्मके (परजीवीच्या प्रजननाच्या नर पेशी), याचा उलगडा १८९७ मध्ये कॅनडाचे डॉक्टर मॅकॅलम यांनी पक्ष्यांच्या रक्तातील तशाच परजीवीवरून केला.

त्याच वर्षी २० ऑगस्टला रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाच्या परजीवीच्या गाठी सापडल्या. माणसातील हिवताप ॲनोफिलीस डास पसरवतो हे मात्र इटालियन प्राणिशास्त्रज्ञ ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९८ मध्ये इटलीत सिद्ध केले, आणि रॉस यांना मिळालेले नोबेल त्यांना मिळाले नाही, हे मला आजही अन्यायाचे वाटते. आपल्या गोव्यात विहिरी, टाक्या आणि बांधकामावरच्या साठलेल्या पाण्यात वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा याच ॲनोफिलीस गटातला.