ढोल-ताशाच्या सरावाचे फोटो हललेले येतात. नवशिक्या डीएसएलआरवाल्याला मदत हवी आहे

सिंहगडरोडी:
नमस्कार मंडळी. लेक यंदा पहिल्यांदाच ढोल-ताशा पथकात गेली आहे. वाद्यपूजन झालं, आता रोज संध्याकाळी पुण्यात नदीपात्रात सराव. तिला सोडायला-आणायला मीच असतो. नुसते डास मारत बसण्यापेक्षा फोटो काढू म्हटलं. कॅमेरा कॅनन १५००डी, त्याच्यासोबत आलेलं १८-५५ लेन्स, बाकी काही नाही. दिवसा तळजाईवर, पाताळेश्वरात वगैरे मनासारखे फोटो येतात. इथे मात्र सात वाजून पथकाचे दिवे लागले की सगळा आनंदीआनंद. ऑटोवर ठेवलं तर फ्लॅश टपकन वर येतो, पुढच्या दोघी पांढऱ्याफटक आणि मागे मिट्ट काळोख. फ्लॅश बंद केला तर जमिनीवर ठेवलेले ढोल स्वच्छ आणि वाजवणाऱ्या पोरी हललेल्या. मी कडेला उभा राहून पूर्ण झूम करतो, कारण मध्ये घुसलं तर पथकप्रमुख हाकलतील.

एक पालक मोबाइलवर काढतात, त्यांचे बरे येतात. आणि ते मला दाखवतातही.

नवीन लेन्सचं बजेट आत्ता नाही. आहे त्यात नेमकं काय बदलू? विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवरचा एक तरी फोटो भिंतीवर लावण्यासारखा हवा आहे.

काळाचष्मा:
आधी दोन गोष्टी सांगा. फोटो स्क्रीनवर बघून काढता की डोळा लावून? आणि हललेल्या फोटोची माहिती उघडून शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ काय दिसतंय ते लिहा. शटर म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं), आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील. त्याशिवाय सगळे अंदाजपंचे बोलतील.

मंडईकर:
अहो, मोबाइल वापरा की सरळ. एवढं ओझं गळ्यात कशाला?

सिंहगडरोडी:
स्क्रीनवर बघूनच काढतो, चष्म्यामुळे डोळा लावला की धूसर दिसतं. आकडे: १/२५, एफ ५.६, आयएसओ ३२००. जवळपास सगळ्यांचे हेच.

मंडईकर, ओझं आधीच घेऊन झालंय हो.

काळाचष्मा:
मग दुखणं सापडलं. १/२५ सेकंदात ढोलावरचा हात केवढा तरी प्रवास करतो. लेन्सवर 'आयएस' लिहिलंय ते तुमच्या हाताचा कंप सावरतं, समोरच्याच्या हाताशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून ढोल स्वच्छ आणि माणसं पुसलेली. शटर वेगवान करायचं, आणि त्यासाठी प्रकाश कुठून आणायचा एवढाच प्रश्न.

पहिली जागा म्हणजे तुमचा झूम. या लेन्सचं अ‍ॅपर्चर १८ला एफ ३.५ पर्यंत उघडतं, ५५ला जेमतेम ५.६. म्हणजे झूम केला की आत येणारा प्रकाश अडीचपटीने घटला. झूम पूर्ण मागे घ्या आणि पायाने पुढे जा. एवढ्यानेच १/२५चं १/६० होतं. १८ला कडेची माणसं ताणल्यासारखी दिसतात, तेव्हा चेहरा अगदी कोपऱ्यात येऊ देऊ नका.

दुसरी जागा लोक विसरतात. मागे काळं आकाश, काळी नदी. कॅमेऱ्याला वाटतं दृश्यच अंधारं आहे, म्हणून तो सगळं उजळायला जातो, शटर आणखी रेंगाळतं आणि चेहरे पांढरे पडतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय, उणे दोन-तृतीयांशावर न्या. रात्र रात्रीसारखी दिसेल आणि शटर १/१००च्या आसपास पोचेल. आयएसओ अजून ३२००च आहे बघा. ६४०० केलात तर १/२००. दाणे दिसतील, पण दाणेदार फोटो भिंतीवर लागतो, हललेला लागत नाही.

हे सगळं हिरव्या ऑटोवर करता येत नाही. डायल एव्हीवर (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा) ठेवा आणि आकडा ३.५. एव्हीत फ्लॅश आपण होऊन वर येत नाही. तसाही त्याचा उजेड पुढच्यांवरच पडतो, मागच्या रांगांपर्यंत फारसा पोचत नाही, आणि वाजवणाऱ्याच्या डोळ्यांवर मारणं बरं नव्हे.

चष्म्याचं: व्ह्यूफाइंडरच्या बाजूला बारीकशी चक्री आहे. आतली अक्षरं स्पष्ट दिसेपर्यंत ती फिरवा. डोळा लावून काढा, कारण या कॅमेऱ्यात स्क्रीनवरचा फोकस फार सावकाश बसतो, तोवर पोरगी दुसऱ्या ठोक्यावर गेलेली असते. नऊ फोकस बिंदूंपैकी मधला निवडा, कमी उजेडात तोच सगळ्यात भरवशाचा. तो चेहऱ्यावर धरा, ढोलावर नको.

घरी छताचा पंखा लावून डायलवरच्या टीव्ही मोडवर (इथे शटर आपण ठरवतो) १/३०, १/१२५, १/५०० असे फोटो काढून बघा. पाती कुठे थांबतात ते एकदा पाहिलं की शटरचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

मंडईकर, रात्री मोबाइल पटापट अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर बसवतो. पडद्यावर छान दिसतं. मोठा प्रिंट काढा आणि मग हाताची बोटं मोजा.

मंडईकर:
प्रिंट काढतोय कोण आजकाल!

ताशेवाली:
काका, मी बरीच वर्षं पथकात वाजवते, कॅमेऱ्यातलं कळत नाही पण वाजवण्यातलं सांगते. टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, वर गेलं की वरच्या टोकाला एक क्षण थांबतं आणि मगच खाली येतं. तो क्षण पकडा. लेकीला घरी विचारा कुठल्या हातात (वाजवायच्या प्रकाराला आम्ही हात म्हणतो) टिपरू सगळ्यात उंच जातं, मांडीवर ठोका धरून तो ताल ऐका. तालाच्या आधी किंचित बटण दाबायचं, बघून दाबलंत तर उशीर होतो. ताशाच्या काड्यांच्या नादी लागू नका, त्या कुणालाच सापडत नाहीत. तिथे चेहरा स्थिर असला आणि काड्या धूसर आल्या तर उलट वाजवल्यासारखं वाटतं. ध्वज फिरवणाऱ्यांचंही तसंच, कापड पुसलं गेलं तरी चालतं.

आत जायची भीती नको. सराव सुरू व्हायच्या आधी प्रमुखांना विचारा, रांगांमधून कुठे चालायचं ते सांगतील. फोटो पथकाला देईन म्हणालात तर खुर्चीसुद्धा मिळेल. फक्त मुलींचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुठे टाकू नका. आणि कानात बोळे घाला, ढोलासमोर तासभर उभं राहणं म्हणजे गंमत नाही.

सिंहगडरोडी:
प्रमुखांनी हाकललं नाही, चहा दिला. ताशेवाली, तुमची युक्ती रामबाण आहे. लेकीने शिकवलेल्या तालावर बटण दाबलं, तर टिपरू वर, नजर समोर, चेहरा स्वच्छ असे काही फोटो मिळाले. बायकोने एक व्हॉट्सअ‍ॅपला लावलासुद्धा.

आता नवीन भानगड. हुरूप येऊन आयएसओ ६४०० आणि शटर १/५०० केलं. अंधार झाला हे ठीक, पण काही फोटोंत आडवे पट्टे आले, अर्धा भाग पिवळट आणि काळपट. एकाच जागेवरून लागोपाठ काढलेल्या फोटोंचा रंगही वेगवेगळा. असं का?

काळाचष्मा:
ते दिव्यांमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटरची फट सेन्सरवरून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवरून, सरकत असताना दिवा मध्येच मंदावला की त्या भागात पट्टा. १/१०० ठेवा. एक पूर्ण चक्र त्यात मावतं, म्हणून उजेड दर वेळी सारखाच येतो. १/२००ला कधी पट्टा येईल, कधी नाही. १/१००वर ठोक्याच्या मध्यावर असलेला हात थांबणार नाही, पण टिपरू वरच्या टोकाला असताना दाबलंत तर थांबेल. म्हणजे ताशेवालींचं ऐकणं तुम्हाला आता भागच आहे.

पिवळेपणा नंतर घालवायचा असेल तर फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट मिळतं, त्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा तोल, निवांत बदलता येतो. जेपेगमध्ये भगवा फेटा आणि पिवळा उजेड एकदा मिसळले की सोडवताना नाकी नऊ येतात.

पर्वतीपायथा:
विसर्जनाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मिरवणूक बेलबाग चौकातून अलका चौकाकडे, म्हणजे पश्चिमेकडे सरकते. दुपार कलली की ऊन वादकांच्या तोंडावर येतं. पथकाच्या पुढे, तोंड त्यांच्याकडे करून उभे राहा, सूर्य तुमच्या पाठीशी. इमारतींमुळे रस्त्याचा अर्धा भाग सावलीत असतो, तेव्हा जिथे ऊन उतरलंय तिथे आधीच जागा धरा आणि पथक तिथवर येऊ द्या. उजेडात १/५०० खुशाल वापरा, उन्हात पट्टे नाहीत. अंधार पडला की पुन्हा १/१००.

गुलाल उडत असेल तर लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर चढवून ठेवा. पावसाची सर आली तर पारदर्शक पिशवी आणि रबरबँड. घरी आल्यावर ओला कॅमेरा बॅगेत कोंबू नका, बुरशी तिथूनच सुरू होते. पुसून, वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

सिंहगडरोडी:
सगळं टिपून घेतलं. एक शेवटचं. त्या मोबाइलवाल्या पालकांनी आता मला ५० मिमी एफ १.८ घ्या म्हणून पिडलंय. दिवाळीत घेऊ का?

काळाचष्मा:
घ्या, पण कशासाठी ते ठरवून. पूर्ण झूमवरच्या एफ ५.६ च्या तुलनेत ते जवळजवळ दहापट प्रकाश आत घेतं. मात्र तुमच्या लहान सेन्सरवर ते ८० मिमीसारखं वागतं. एकट्या लेकीचा चेहरा सुरेख येईल, ढोलांची अख्खी रांग हवी असेल तर मागे सरकत सरकत नदीत जाल. रांगेसाठी १८-५५च ठेवा.

ताशेवाली:
काका, लेकीचं पथक मानाच्या गणपतीपुढे वाजवणार असेल तर सकाळी लवकर मंडईत या. उजेड असतो आणि पोरींचे फेटे अजून सरळ असतात.